भिंतीकडची बाजू

१

दुपारचं जेवण आटोपलं की तिसऱ्या मजल्यावर निळा दिवा लागायचा. त्याच्या जरा आधी गुलबारा नर्स एकेका खोलीच्या दारात उभी राही आणि कोंबड्या खुराड्यातून काढाव्यात तशा टाळ्या पिटत म्हणे, "चला, बाहेर व्हा. जंतू मारायचेत, माणसं नाहीत."

मग आया आपापली लेकरं उचलत. त्या मजल्यावर लेकरू उचलायचीही वेगळी रीत होती. छातीचं हाड कापून पुन्हा तारेनं शिवलेलं पोर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, एक मानेमागे, आणि कणकेनं भरलेली परात न्यावी तसं जपून न्यायचं. कुणाच्या हातात सलाईनची बाटली, कुणाच्या दातांत दुधाच्या बाटलीचं बूच, अशी ती वरात बाहेरच्या बाकांवर येऊन बसे. दार लागे. आत भिंतीवरची लांब नळी पेटे आणि दाराच्या काचेतून निळसर उजेड बाहेर झिरपू लागे. त्या उजेडात उभं राहिलं तर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, कातडी सोलून निघते, असं गुलबारा सांगे. काच पांढऱ्या रंगानं रंगवलेली होती. पण कधीच्या कुण्या आईनं नखानं रंग खरवडून तिथे जर्दाळूच्या बीएवढं भोक पाडून ठेवलं होतं, कारण बघू नका म्हटलेलं बघितल्याशिवाय आयांना चैन पडत नाही.

त्या बाकांवर आया पुष्कळ होत्या, आजी एकच. कालिपा. कोच्कोर या डोंगरी तालुक्याच्या वरच्या अंगाच्या गावातली, रुंद पावलांची, मोठ्या आवाजाची. तिच्या मांडीवर चार वर्षांची मीरिम, तिच्या मुलाची मुलगी, जन्मापासून हृदयाला भोक असलेली आणि आता ते ठिगळ लावून बुजवलेली. मीरिमची आई जिपार घरी होती, कारण तिच्या अंगावर दोन महिन्यांचं तान्हं होतं. बाप रशियात गोदामात खोकी भरत होता. उरली कोण, तर कालिपा. "मला कुणी पाठवलं नाही," ती सगळ्यांना ऐकवायची. "मी आले. आमच्या सुनेला डॉक्टरांशी भांडता येत नाही."

आणि कालिपाच्या तोंडी सतत एकच वाक्य. "तुझ्याभोवती फिरते गं." तिच्या मुलखात हे सगळेच म्हणतात. तुझी पीडा मला लागो, असा त्याचा मूळ अर्थ. आजाऱ्याभोवती पुरा फेरा घातला की त्याचं दुखणं फिरणाऱ्याच्या अंगावर येतं. पण म्हणण्यापुरतं ते इतकं स्वस्त झालं होतं की कालिपा पाववाल्याला म्हणे, बसच्या ड्रायव्हरला म्हणे, आणि दूध जास्त दिलं तर गाईलाही म्हणे. म्हणत सगळे होते. फिरत कुणी नव्हतं. उलट, खेळता खेळता एखादं पोर बसलेल्या माणसाभोवती धावलं तर त्याच्या पाठीत धपाटा बसायचा आणि त्याला उलटं फिरायला लावायचे.

त्या दुपारी दिवा विझला, दार उघडलं, औषधी जळका वास बाहेर आला आणि सगळ्या आत गेल्या. कालिपानं मीरिमला खाटेवर ठेवलं आणि तिची दुलई सरळ केली. दुलईचं टोक पलीकडे सरकन खाली पडलं. आजवर ते भिंत आणि खाट यांच्यात घट्ट अडकून बसायचं. कालिपानं वाकून पाहिलं. खाट भिंतीपासून वीतभर सुटलेली होती.

"झाडूवालीनं ओढली असेल," ती स्वतःशी म्हणाली आणि कमरेचा एक धक्का देऊन तिनं खाट जागेवर बसवली.

२

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काय झालं ते कालिपानं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं, आणि नेमकं तेच दुखणं होतं.

त्या सकाळी खोलीत दोघीच होत्या. शेजारच्या खाटेवरची मुहाब्बत, ओश शहराची तरुण बाई, आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन रक्त तपासायला गेली होती. मीरिमला गुंगीचं औषध पाजलेलं. ती डोळे अर्धवट मिटून पडली होती आणि ओठ निळसर, नेहमीसारखे. कालिपाला वाटलं, आता म्हणून भागणार नाही. आता फिरायला हवं. तिच्या आईची एक मावशी अशी खरोखरची फिरली होती. भाच्याभोवती तीन फेरे. पोरगा उठून शोर्पो, मांसाचं सूप, मागू लागला, आणि मावशीला महिन्याच्या आत टेकडीवर पुरली. अजून गावात जेवण झालं की दुव्यात तिचं नाव घेतात.

कालिपानं चपला काढल्या. उशापासून निघाली, पायथ्याशी वळली आणि भिंतीला थडकली. खाट भिंतीला चिकटलेली होती. तिकडून जायला वाटच नव्हती. ती आल्या वाटेनं परत उशाशी आली. पुन्हा गेली. पुन्हा भिंत. पुन्हा परत. असं तीनदा झालं. खोलीच्या उघड्या बाजूनं तीन अर्धे फेरे. मग तिनं पोरीच्या कपाळावर फुंकर घातली, चपला घातल्या आणि मनात म्हणाली, देवाला भिंत दिसत नाही का. त्यानं समजून घ्यावं.

एवढंच. पण खाटेला चाकं होती. चाकाजवळ लाल रंगाचा लोखंडी खटका होता, तो पायानं दाबला की खाट हलते, हे गुलबारानं आदल्याच दिवशी दाखवलं होतं. भिंतीला थडकताना तिन्ही वेळा कालिपाच्या अंगठ्याला तो खटका लागला होता. गार लागला होता. आणि तिन्ही वेळा तिला तिचे नवे दात आठवले होते. वसंतात बसवलेले, वरचे चार सोन्याचे. त्या दातांनी तिनं अजून एका हिवाळ्याचं मांससुद्धा खाल्लं नव्हतं. हसण्यासारखं आहे, पण माणसाला मरताना मोठमोठ्या गोष्टी आठवतात हे ज्यांनी सांगितलं ते मेलेले नव्हते.

३

दुसऱ्या दिवशी निळा दिवा विझल्यावर खाट दीड वीत सुटलेली होती. तिसऱ्या दिवशी हातभर.

थोरल्या बाईला तिथे सगळे अपा म्हणत. झाडूवाली म्हणाली, "अपा, मी दिव्याच्या आधी पुसते. नंतर नाही. आणि तुमची खाट ओढायला माझी कंबर काय सरकारी आहे?"

गुलबारा म्हणाली, "जुनी खाट आहे. फरशीला उतार असेल."

हे कालिपाला पटलं. पटावं असंच होतं. तिनं पिशवीतून कुरुतचा एक गोळा काढला, सुकवलेल्या दह्याचा, गोटीसारखा टणक, आणि खाटेखाली फरशीवर ठेवला. गोळा थोडा थांबला आणि मग गडगडत भिंतीकडे गेला. उतार होता, पण भिंतीच्या दिशेनं. खाट चालत होती ती चढावर.

"फरशीशी गोट्या खेळताय का, अपा?" मुहाब्बतनं विचारलं. ती मुलीला पाजत होती आणि एक डोळा कालिपावर ठेवून होती.

"तुझ्या ओशमध्ये खेळत नाहीत?"

"आमच्यात नवऱ्यांशी खेळतात."

कालिपा हसली, पण गोळा तिनं उचलला नाही. त्याला हात लावायला भिंतीकडच्या फटीत शिरावं लागलं असतं. तिनं खाट ढकलली, खटका पुन्हा लावला आणि चाकाखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवला.

संध्याकाळी मीरिमला ताप भरला.

तापाचं असं होतं की तो रोज भरत होता, फक्त एक दिवस सोडून. कालिपाला तो दिवस आठवत राहिला. त्या दिवशी दिवा विझल्याबरोबर डॉक्टर चोलपोन आत आल्या होत्या आणि थेट भिंतीकडच्या फटीत उभं राहून पोरीची छाती ऐकू लागल्या होत्या. त्या बाजूनं जागा आहे हे त्यांना सोयीचंच वाटलं असावं. मग एक्स-रेचं यंत्र आलं, मग औषधं बदलली, आणि त्या गडबडीत खाट संध्याकाळपर्यंत तशीच सुटी राहिली. त्या संध्याकाळी मीरिमनं दोन बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, मागितले आणि खाल्ले. ओठ गुलाबी झाले होते. रात्री ती न कण्हता झोपली.

सकाळी कालिपानं खाट भिंतीला लावली. दुपारपर्यंत पोर पुन्हा राखेसारखी फिकी.

"औषध लागू व्हायला वेळ लागतो," कालिपानं स्वतःला समजावलं. "आणि बोरसोक तेलकट होते." दोन्ही कारणं एकदम खरी असू शकत नाहीत हे तिलाही कळत होतं. एकात औषध चांगलं होतं, दुसऱ्यात पोटच बिघडलेलं होतं. पण तिला दोन्ही हवी होती.

मीरिमला पाणी चमच्यानं मोजून मिळायचं, कारण हृदयावर जास्त भार नको. ती मागायची नाही. फक्त कालिपा चहा पिऊ लागली की तिच्या गळ्याकडे बघत राहायची, घोट खाली उतरताना. कालिपानं चहा बाहेर जाऊन प्यायला सुरुवात केली होती.

४

जिपारचा फोन रोज यायचा. सासूसुनेचं बोलणं नेहमी एकाच वाटेनं जायचं. आधी गाय, मग बटाटे, आणि शेवटी पोर, कारण पोरीचं आधी विचारायचा दोघींनाही धीर नव्हता.

"बटाटे काढले का?"

"अर्धे काढले, एने. बाकीचे उद्या."

"उद्या उद्या करत बर्फ पडेल. तुझ्या माहेरी बर्फाखालून काढतात वाटतं?"

"माहेरी बटाटेच नव्हते. म्हणून तर तुमच्याकडे दिली मला." जिपार हसली आणि मग तिला दम लागल्यासारखं झालं. "मीरिम?"

"झोपलीये."

"ताप?"

"थोडा. लहान मुलांना येतोच."

मागे तान्हं कुरकुरत होतं.

"तिचं अंथरूण मी उचललेलं नाही," जिपार म्हणाली. "खोलीच्या मधोमध तसंच घालून ठेवलंय. दुलई पण. झाडताना, दिवा लावताना, सगळं त्याच्या भोवतीनंच करते. वेडेपणा आहे, मला माहितीये."

"पसारा नुसता," कालिपा म्हणाली. ते वाटलं त्याहून कडक निघालं. "आणि दम कसला लागतोय तुला?"

"पाणी आणलं विहिरीचं. तुमच्यासारखं बसल्याजागी चहा देणारं कुणी नाही इथे."

"आले की बघते तुझ्याकडे," कालिपा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. सुनेनं उलट उत्तर दिलं की तिला बरं वाटायचं. घर जागेवर आहे असं वाटायचं.

५

डॉक्टर चोलपोन यांनी तिला खोलीबाहेर बोलावलं. त्या उंच होत्या आणि थकल्या की भिंतीला टेकून बोलत.

"अपा, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठतंय. औषधानं कमी होईल असं वाटलं होतं. आता बघते, नाही झालं तर पुन्हा आत घ्यावं लागेल. सुईनं काढायचं. सुईनं नाही निघालं तर पुन्हा उघडायचं."

"पुन्हा उघडायचं," कालिपा म्हणाली.

"मी तसं होऊ देणार नाही. पण तुम्हाला माहीत असावं."

"तुमच्याभोवती फिरते, डॉक्टर," कालिपाच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि ती दचकली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्यांना दिवसातून शंभरदा हे ऐकायची सवय होती.

त्या दुपारी बाकावर बसल्यावर कालिपानं मीरिमला मुहाब्बतच्या मांडीवर दिलं आणि ती दारापाशी गेली. तिनं त्या खरवडलेल्या भोकाला डोळा लावला.

आधी नुसतं निळं. मग निळ्यात खोली जमू लागली. त्या उजेडात पांढरं जे जे होतं ते सगळं दुधासारखं चमकत होतं. चादरी, उशा, खिडकीतला बशीवरचा कागद. मीरिमची खाट भिंतीपासून सुटलेली होती. आणि फटीत, भिंत आणि खाट यांच्या मधे, एक पांढरा रुमाल होता. डोक्याला बांधलेला.

पाठमोरी बाई. खांदे उतरलेले. एक हात खाटेच्या कठड्यावर. ती पायथ्याकडून उशाकडे चालली होती, फार सावकाश, अंधारात ओळखीच्या घरात चालावं तशी. उशापाशी पोचली आणि भोकाच्या कडेबाहेर गेली. कालिपा वाट बघू लागली. ती उघड्या बाजूनं आता इकडे येईल, तोंड दिसेल. पण उघड्या बाजूनं कुणी आलं नाही. जरा वेळानं पायथ्याशी पुन्हा रुमाल उगवला, आणि पुन्हा भिंतीकडची बाजू.

कालिपा मागे सरली. तिच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. तिला सगळं स्वच्छ कळलं, इतकं की जवळजवळ बरं वाटलं. ही मीच, तिनं ठरवलं. मी उघडी बाजू चालले होते. उरलेली बाजू कुणीतरी माझ्या नावानं चालतंय. मी खाट लावते तेव्हा तिची वाट बंद होते, आणि पोर तापानं फणफणते.

दार उघडलं तेव्हा फटीतल्या फरशीवर अनवाणी पावलाचा एक ओला ठसा होता, वाळत आलेला. लहान आणि अरुंद. कालिपा आयुष्यभर पुरुषांच्या मापाचे बूट वापरत आली होती आणि त्याची फुशारकी मारायची. तिनं ठशाकडे पाहिलं, ओलं पाऊल वाळताना आकसतं असं मनाशी म्हटलं, आणि चपलेनं तो पुसून टाकला.

खाट तिनं ढकलली नाही. पण ओढलीही नाही. त्या रात्रीचा ताप मधला होता, ना धड चढलेला, ना उतरलेला.

६

"उद्या सकाळी आत घेऊ," डॉक्टर चोलपोन म्हणाल्या.

उद्या यायच्या आत एक दुपार शिल्लक होती.

कालिपानं जिपारला फोन लावला. "ऐक. गाईचा दाखला पेटीत आहे, खालच्या कप्प्यात. बियाण्याचे बटाटे वेगळे ठेव, मोठे नाही, मधल्या मापाचे. माझा मखमली कोट शेजारणीला द्यायचा नाही, ती मागेल. मीरिमसाठी ठेव."

"एने, कुठे चाललात तुम्ही?"

"कुठे जाणार. बोलू नको का मी?"

"तुम्ही मला कधी पेटी उघडू दिली नाहीत. म्हणून विचारलं." जिपारचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात हसू होतं. "एने, तिला सांगा, आई तिच्याभोवती फिरते."

"सांगते," कालिपा म्हणाली.

गुलबाराच्या टाळ्या ऐकू आल्या. मुहाब्बत मुलीला घेऊन बाहेर गेली. कालिपानं मीरिमला एका खुर्चीत बसवलं, पुठ्ठा काढून टाकला, आणि लाल खटक्यावर पाय ठेवला. तो आजही गार होता. तिनं दाबला. मग दोन्ही हातांनी धरून खाट ओढली, हातभर नाही, चांगली दोन माणसं जातील एवढी. कठड्यावर हात फिरवला. "ये," ती हळूच म्हणाली. "अडवत नाही आता." जीभ नव्या दातांवरून फिरली. वाईट वाटलं. पण वाटलं तरी तिनं खाट परत ढकलली नाही, हे तिच्या खात्यावर लिहायला हवं.

मीरिमला घेऊन बाहेर आल्यावर ती काचेपाशी गेली नाही. बाकावर बसून मीरिमचे पाय चोळत राहिली. दाराखालून निळा उजेड तिच्या चपलांपर्यंत आला होता.

"अपा, तुम्ही रडताय?" मुहाब्बतनं विचारलं.

"दिव्याचा वास झोंबतो."

"दार बंद आहे."

"मग तू झोंबतेस."

संध्याकाळी ताप उतरला. सकाळी आत घेण्याआधी छातीचं चित्र काढलं तेव्हा डॉक्टर चोलपोन पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "थांबू या. कमी झालंय." दुसऱ्या दिवशी आणखी कमी. मीरिमला पाणी मिळू लागलं, आधी अर्धी वाटी, मग भरलेली. ती दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायची आणि मधेच थांबून आत बघायची, उरलंय का. फुगा फुगवायचा व्यायाम तिनं इतका केला की फुगा फुटला आणि मुहाब्बतच्या मुलीनं भोकाड पसरलं.

कालिपा मरायची वाट बघत होती. रोज अंघोळ करून स्वच्छ कपडे घालून बसायची. छातीत दुखतंय का बघायची. दुखत नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती, सगळे दात मजबूत होते.

"अपा, गाल वर आले तुमचे," मुहाब्बत म्हणाली. "नातीचा शोर्पो कोण पितं, खरं सांगा."

कालिपाला हसू आलं नाही. काहीतरी चुकलं होतं. देवाकडून उशीर होतो, पण एवढा नाही.

७

शनिवारी दुपारी जिपार आली. तान्ह्याला तिनं बहिणीकडे ठेवलं होतं. गुलबारानं तिला पांढरा झगा दिला आणि तिनं तो खांद्यावर टाकला. पांढरा रुमाल डोक्याला बांधलेला होता. कालिपा तिला बघून उठली आणि उभीच राहिली. पोरगी अर्धी झाली होती. मानेच्या दोन्ही शिरा दिसत होत्या.

"डोळ्यांना सवय होईल," जिपार म्हणाली. "बाळ सगळं पिऊन टाकतं." ती खाटेकडे आली. खाट अजून भिंतीपासून सुटलेली होती. पण जिपार उघड्या बाजूनं लेकीपाशी गेली, वाकली, आणि तिच्या केसांत तोंड खुपसून तशीच राहिली.

मीरिमनं आईच्या रुमालाला हात लावला. मग आजीकडे बघून तिनं एक बातमी सांगावी तसं सांगितलं, "आज आई पुढून आली."

"पुढून म्हणजे?" जिपारनं विचारलं. ओल्या डोळ्यांनी ती हसत होती.

"रोज मी झोपेत असताना तिकडून येतेस ना." मीरिमनं भिंतीकडे बोट केलं. "आणि हात लावत नाहीस."

जिपार सरळ झाली आणि तिनं कालिपाकडे पाहिलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तिनं फक्त मधोमध घातलेल्या अंथरुणाभोवती झाडलं होतं, दिवा लावला होता, तान्ह्याला घेऊन ती रात्रंदिवस त्याच्याभोवती चालली होती. तिच्या घरात वाट अडवायला भिंत नव्हती. सरळ होताना तिचा हात आपोआप छातीच्या मधल्या हाडावर गेला होता, जिथे मीरिमची जखम होती तिथेच, आणि तिथेच राहिला.

"किती दिवस दुखतंय?" कालिपानं विचारलं.

"हे? हे बाळंतपणाचं आहे. जड उचललं ना मी, म्हणून."

बाहेर टाळ्या वाजल्या. सगळ्या कॉरिडॉरमध्ये आल्या, दार बंद झालं, आणि निळा उजेड लागला. बाकांवर जागा नव्हती म्हणून गुलबारानं जिपारसाठी एक स्टूल आणून मधोमध ठेवलं. जिपार बसली. मीरिमला मुहाब्बतच्या शेजारी बाकावर बसवलं.

कालिपानं चपला काढल्या.

इथे भिंत नव्हती. खटकाही नव्हता. ती जिपारच्या समोरून निघाली, पाठीमागून वळली, आणि परत समोर आली. सगळ्या आया बघू लागल्या. त्याच मुलखातल्या होत्या, त्यांना काय चाललंय ते कळलं.

"एने, काय करताय?" जिपार कुजबुजली. ती लाजेनं लाल झाली होती. "लोक बघतायत. उठते मी."

"बस."

"असं खरोखर फिरतात का?"

"बस म्हटलं ना. सासू आहे मी तुझी." दुसरा फेरा. कालिपाच्या टाचा फरशीवर जड पडत होत्या. आवाज रडका निघू नये म्हणून ती दात घट्ट मिटून चालत होती. तेवढ्यात मुहाब्बत हळूच म्हणाली, "अपा, मागे बघा." तिच्या आवाजात यावेळी चेष्टा नव्हती.

मीरिम. बाकावरून घसरून उतरली होती आणि दोन्ही हात छातीवर धरून आजीच्या पावलांवर पावलं टाकत येत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता चालू द्या, आणि ती चालत होती.

"मी पण आईभोवती फिरते," ती म्हणाली. "कधीची फिरतेय."

कधीची. पहिल्या फेऱ्यापासून की दुसऱ्या, कोण जाणे. तिनं पोरीला उचललं, एक हात खाली, एक मानेमागे, जसं शिकवलं होतं तसं. आणि आणून जिपारच्या मांडीत ठेवलं. आईनं लेकीला दोन्ही हातांनी धरलं. दोघींचे पांढरे ओठ, दोघींची तीच हनुवटी. कोणाचं दुखणं आता कोणाकडे होतं हे कळायला मार्ग नव्हता.

"दोघी बसा," कालिपा म्हणाली. "हलू नका. मी पहिल्यापासून फिरते."

ती समोरून निघाली. मीरिम आईच्या कुशीत शिरून हसत होती. जिपारनं आता डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. सगळ्या आया बाकांवर आपापली लेकरं धरून बसलेल्या. गुलबारा दाराशी उभी, हात टाळी वाजवायच्या बेतात तसेच राहिलेले. सगळी माणसं कालिपाला दिसत होती, एकूण एक.

ती पाठीमागून वळली तेव्हा तिला मागे पावलं ऐकू आली. अनवाणी, हलकी, फटीतल्या त्या ठशासारखी अरुंद, फरशीवर जरा ओली. तिच्याच वाटेनं येणारी. ती थांबली असती तर ती तिच्यापर्यंत पोचली असती, आणि कदाचित पुढेही गेली असती.

कालिपानं मागे पाहिलं नाही. रुंद पावलांच्या बाईला घाई शोभत नाही, पण तिनं आपला झगा मुठीत धरला आणि चाल वाढवली. दुखणं मागच्या कुणाच्या अंगावर जायच्या आत तिला तिसरा फेरा पुरा करायचा होता.